सर्पगंधेचे गुणदोष

औषधाचा गुण घ्यावा आणि दोष टाकावा, ही वैद्यकाची फार जुनी आकांक्षा होय. ती कितपत सफल होऊ शकते हे पाहावयाचे असल्यास सर्पगंधेच्या मुळीचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो.

या मुळीने रक्तदाब उतरतो, असे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. तथापि पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष तिजकडे वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. ५० रोग्यांवरील त्यांचा अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी मुळीतील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले. तेच रेसर्पिन.

त्याने दाब उतरे खरा. परंतु नाक चोंदे, अंगात सुस्ती येई, आणि काही रोगी तर अशा खिन्नतेत बुडत की आत्मघाताची भीती वाटे. रसायनशास्त्रज्ञांनी विचार केला की, सांगाडा तोच ठेवून रेणूची टोके बदलली तर? रेसर्पिक आम्लास जोडलेले दुसरे आम्ल काढून त्या जागी निरनिराळी आम्ले बसविण्यात आली. दाब किती उतरतो आणि गुंगी किती येते, ही दोन मापे जनावरांवर तोलून पाहण्यात आली. या खटपटीतून सायरोसिंगोपिन निघाले. एक मेथॉक्सी गट शेजारच्या जागी सरकविल्याने मेथोसर्पिडिन हाती आले. दोहोंत गुंगी कमी. पण मात्रा मात्र कित्येक पटींनी वाढवावी लागे.

असे का व्हावे? रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेली संदेशवाहक द्रव्ये रिती करते. रक्तवाहिन्यांपाशी हे घडले म्हणजे दाब उतरतो. मेंदूत घडले म्हणजे सुस्ती येते. गुण व दोष एकाच मुळाचे दोन अंकुर! रेणूची टोके बदलून त्यांचे प्रमाण पालटले, मूळ पालटले नाही.

शेवटी मार्ग निघाला तो निराळाच. १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तीत जुनेच रेसर्पिन अल्प मात्रेत, एक मूत्रल व आणखी एक औषध यांच्या जोडीने दिले होते. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर उपद्रव झाले. औषध घेणाऱ्यांत अवघ्या दोघांना. उच्च रक्तदाबावर उपचार केल्याने प्राण वाचतात, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

नवा रेणू घडविणे ही मोठीच विद्या. परंतु मात्रा आणि जोड ओळखणे हीही तिच्याहून उणी नव्हे, असे आम्हांस वाटते.