अभिलेखांचे स्थलांतर आणि नोंदींची दुरुस्ती : कळंबच्या संदर्भात सातबाराचा विचार

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले, ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तहसील कार्यालय घोडेगावी आहे. तालुक्याचे नाव मात्र दप्तरात पूर्वीचेच आहे. स्थान बदलले तरी नोंद आपोआप बदलत नाही. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा इतिहास अभ्यासताना ही बाब ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

याच तालुक्यातील कळंब गावीही खातेदाराचा हक्क गाव नमुना सातमध्ये व पिकांची नोंद गाव नमुना बारामध्ये होते. या दोहोंचा एकत्रित उतारा म्हणजे सातबारा. पूर्वी हे दप्तर तलाठ्याकडे हस्तलिखित स्वरूपात असे. केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये अभिलेख संगणकीकरणाची योजना सुरू केल्यानंतर महाराष्ट्रात हे दप्तर क्रमाने तालुक्याच्या संगणकावर आणि पुढे ई-फेरफार प्रकल्पात राज्याच्या मध्यवर्ती सर्व्हरवर गेले. ‘महाभूलेख’ संकेतस्थळाचा पत्ताही कालांतराने बदलला.

कळंब नावाची गावे अनेक असून यवतमाळ व धाराशिव जिल्ह्यांत त्याच नावाचे तालुकेही आहेत. धाराशिव जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये बदलले. अशा वेळी केवळ नावावर विसंबून नोंदी जुळवता येत नाहीत. सातबाराच्या २०२० च्या सुधारित नमुन्यात गावाच्या नावासोबत सांकेतांक देण्यात आला, त्याचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

तथापि माहिती नव्या ठिकाणी पोहोचणे आणि ती अचूक असणे या भिन्न बाबी होत. क्षेत्र, खातेदाराचे नाव किंवा इतर हक्कांतील बोजा उतरवून घेताना झालेली चूक स्थलांतरानंतरही कायम राहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परिणामी पीककर्ज, वारसनोंद वा भूसंपादनाचा मोबदला यांत चुकीच्या नोंदीचा भार शेतकऱ्यावरच पडतो.

म्हणूनच ‘एडिट’ व ‘री-एडिट’ या आज्ञावलींद्वारे संगणकीय सातबारा हस्तलिखित सातबाराशी ताडून पाहण्यात आला. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. लेखनप्रमादांच्या दुरुस्तीस कलम १५५ चा आधार होता. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाराचा आरंभ झाला.

दोन याद्यांतील तफावत यंत्र दाखवू शकते. त्यांपैकी खरी कोणती, हे मूळ दप्तर व गावाची साक्ष यांवरूनच ठरते. सबब नवे संकेतस्थळ सुरू झाले म्हणून जुने हस्तलिखित दप्तर निरुपयोगी ठरत नाही. त्याचे जतन हा खातेदाराच्या हक्काच्या रक्षणाचाच भाग होय.