अकशमसुद्दीनचा दर्गा, गोयनुक

तुर्कस्तानच्या बोलू प्रांतातील गोयनुक या डोंगराळ गावातील पंधराव्या शतकातील मकबरा. कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा सुलतान दुसरा मेहमेद याचे गुरू अकशमसुद्दीन यांची कबर येथे आहे. इस्तंबूल आणि अंकारा यांच्या दरम्यानच्या या गावात ओढ्याच्या दोन्ही अंगांना चढावर जुनी लाकडी घरे आहेत. चौदाव्या शतकातील गाझी सुलेमान पाशा मशिदीच्या आवारात, मशिदीला लागूनच हा मकबरा उभा आहे.

बांधकाम सहा बाजूंचे, घडीव दगडाचे आणि वर घुमट असलेले आहे. ते १४६४ मध्ये, म्हणजे अकशमसुद्दीन यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी पूर्ण झाले. आकाराने ते लहान आहे; सुलतानाच्या गुरूचा मकबरा म्हणून भव्य काही पाहायला जाणाऱ्याची निराशाच होईल. पाहण्याजोगे आहे ते आत, कबरीवरच्या लाकडी पेटीचे कोरीवकाम. अक्षरे आणि वेलबुट्टी लाकडातून उठावात काढलेली असून त्या काळच्या अनातोलियातील सुतारकामाचा हा उत्तम नमुना समजला जातो.

अकशमसुद्दीन यांचे मूळ नाव शमसुद्दीन मुहम्मद बिन हमजा. त्यांचा जन्म १३९० च्या सुमारास दमास्कस येथे झाला आणि बालपणीच ते कुटुंबासह अनातोलियात आले. शिक्षण संपल्यावर ते उस्मानजिक येथील मदरशात शिकवू लागले. अध्यात्माची ओढ होती, पण अंकाऱ्याचे सूफी हाजी बायराम गोरगरिबांसाठी बाजारात भीक मागत फिरतात, हे मदरशातल्या या शिक्षकाला रुचले नाही. दुसऱ्या गुरूच्या शोधात ते अलेप्पोकडे निघाले. वाटेत स्वप्न पडले, त्यात त्यांच्या गळ्यात साखळी होती आणि तिचे दुसरे टोक हाजी बायराम यांच्या हातात होते, अशी आख्यायिका आहे. परत आले तेव्हा हाजी बायराम शिष्यांसह शेतात कापणी करत होते. त्यांनी या पंडिताकडे पाहिलेही नाही. जेवणाच्या वेळी शिष्यांना वाढले, कुत्र्यांपुढेही टाकले, याला मात्र काही नाही. तेव्हा अकशमसुद्दीन मुकाट्याने कुत्र्यांच्या पंगतीला जाऊन बसले आणि मगच गुरूंनी त्यांना जवळ बोलावले.

कॉन्स्टँटिनोपलच्या १४५३ च्या वेढ्यात ते सुलतानाबरोबर होते. एप्रिलमध्ये ख्रिस्ती जहाजे उस्मानी आरमाराला चुकवून शहरात पोचली आणि छावणीत वेढा उठवावा अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्यांनी मेहमेदला पत्र लिहून कठोरपणे वागण्याचा सल्ला दिला. हे पत्र उपलब्ध आहे. त्याची भाषा संताच्या आशीर्वादापेक्षा हिशेबी सल्लागाराची वाटते. पैगंबरांचे सहकारी अबू अय्यूब अन्सारी यांच्या कबरीची जागा त्यांनीच दाखवली, अशी परंपरा आहे. तेथे पुढे मशीद बांधली गेली आणि भोवतालची वस्ती एयुप या नावाने प्रसिद्ध झाली.

विजयानंतर सुलतानाने त्यांच्या पंथाची दीक्षा मागितली, तेव्हा राज्यकारभाराकडे दुर्लक्ष होईल म्हणून त्यांनी नकार दिला, असे सांगतात. ते स्वतः राजधानीत रमले नाहीत. ते गोयनुकला जाऊन राहिले आणि १४५९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ग्रंथांपैकी ‘रिसालत-उन्-नूरिया’ सूफीमताविषयी, तर ‘माद्दत-उल्-हयात’ वैद्यकाविषयी आहे. रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या बीजांमुळे एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असे या वैद्यकग्रंथात म्हटले आहे. त्यावरून त्यांना जंतूंचे आद्य शोधक ठरवणारे लेखन तुर्कस्तानात पुष्कळ होते. ते अतिशयोक्त आहे, कारण हा तर्क होता आणि सूक्ष्मदर्शक यायला अजून दीड शतक अवकाश होता.

त्यांचा मुलगा हमदुल्ला हमदी (१४४९–१५०३) ‘युसूफ व झुलेखा’ या मस्नवीचा कवी म्हणून तुर्की साहित्यात नावाजला; त्याची कबरही गोयनुकलाच आहे. हाजी बायराम यांचे दुसरे शिष्य उमर देदे यांचा दर्गाही याच गावात आहे. ते सुऱ्या बनवण्याचा धंदा करत. गुरूंच्या पश्चात दोघांत फूट पडली. अकशमसुद्दीन यांची शाखा शम्सिया म्हणून ओळखली गेली, तर उमर देदे यांच्या अनुयायांनी दर्वेशांचा झगा आणि टोपी दोन्ही टाकून, बाह्य खुणा न मिरवणारा मलामी मार्ग धरला.