दवाखान्यातली कुपी मैदानावर कशी आली

ज्यांचं सिझर झालंय त्यांना एक गोष्ट आठवत असेल. पाठीत इंजेक्शन देतात, कमरेखालचं सगळं बधिर होतं आणि मग कधीकधी एकाएकी डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळायला लागतं. पाठीतल्या भुलीनं रक्तदाब खाली आलेला असतो. भूल देणारे डॉक्टर सलाईनच्या नळीतून एक औषध सोडतात आणि थोड्या वेळात जीव भांड्यात पडतो. रक्तदाब वर आणणारी अशी दोन-चार औषधं आहेत. त्यातलं एक, आपल्या देशात कित्येक वर्षं वापरात असलेलं, म्हणजे मेफेन्टरमाइन. या औषधानं किती आयांना सावरलं असेल त्याची गणती नाही. त्याला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही.

पण हीच कुपी गेली काही वर्षं महाराष्ट्रात जिममध्ये आणि भरतीच्या ग्राउंडवर सापडते आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या धाडी, पोलिसांनी पकडलेले साठे, या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आमचं पळस्पे तर फाट्यावरचं गाव. इथून एक रस्ता पुण्याला जातो, एक गोव्याला. पनवेलच्या आसपास कुणाची जमीन रस्त्यात गेली, कुणाची सिडकोत, कुणाची विमानतळात. शेती गेली की पोरांपुढे नोकरीचा प्रश्न येतो, आणि वर्दीची नोकरी म्हणजे पक्की नोकरी. म्हणून पोरं-पोरी पहाटे रस्त्याच्या कडेनं धावतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण. मुलांना १६०० मीटर धावायचं, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. सेकंदावर गुण जातो आणि गुणावर नोकरी जाते. अशा वेळी कुणीतरी कानात सांगतं, एक इंजेक्शन घे, दमच लागत नाही.

हे सांगणारा माणूस आजचा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपासून तो मैदानाच्या कडेला उभा आहे. आज त्याचीच कहाणी सांगायची आहे.

आपल्या कोकणातल्या रानात काजऱ्याचं झाड असतं. नारिंगी फळं, आत चपट्या बटणासारख्या बिया. लहानपणी आई सांगायची, हात लावू नको, जहर आहे. त्या बियांतून निघणाऱ्या विषाला डॉक्टरी भाषेत स्ट्रिक्नीन म्हणतात. एके काळी युरोप-अमेरिकेतले डॉक्टर ते अगदी कणभर, ताकदीचं औषध म्हणून द्यायचे. १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ऑलिंपिक झालं. मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्स नावाचा धावपटू उन्हानं आणि धुळीनं अर्धमेला झाला. बरोबर चाललेल्या त्याच्या माणसांनी त्याला स्ट्रिक्नीन आणि अंड्याचा पांढरा बलक पाजला, वर ब्रँडी दिली. प्यायला पाणी मागत होता, ते मात्र देईनात. शेवटी दोन्ही बाजूंनी धरून त्याला शेवटच्या रेषेपार नेलं आणि सुवर्णपदक त्यालाच मिळालं. त्या काळी यात कुणाला गैर वाटलं नाही, कारण तसा नियमच नव्हता. गंमत अशी की शर्यतीच्या घोड्यांची तपासणी माणसांच्या आधी सुरू झाली. घोड्यावर पैसे लागलेले असतात ना!

मग आलं ॲम्फेटामिन. १९३० च्या सुमारास ते चोंदलेलं नाक मोकळं करायला हुंगायचं औषध म्हणून विकलं जायचं. झोप उडते, भूक मरते, थकवा कळत नाही, हे लक्षात आल्यावर दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांना दिलं गेलं. युद्ध संपल्यावर तेच सायकल शर्यतींत शिरलं. १३ जुलै १९६७ ला फ्रान्समधल्या व्हाँतू नावाच्या उघड्या डोंगरावर, रणरणत्या उन्हात, टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू चढावर कोसळला आणि गेला. वय २९. त्याच्या सदऱ्याच्या खिशात ॲम्फेटामिनच्या नळ्या सापडल्या.

इथे थोडं थांबून शरीराचं गणित समजून घेऊ, कारण आमच्या गटात यावर बराच वाद झाला. ‘दम लागत नाही म्हणजे ताकद वाढली,’ असं काहींचं म्हणणं. ताकद वाढत नाही. थकवा ही शरीराची राखणदार आहे. काळीज फार जोरात धावतंय, अंग तापलंय, आता थांब, असं ती सांगते. हे औषध राखणदाराचं तोंड बांधतं. काळजावरचा ताण तेवढाच राहतो, उलट वाढतो, फक्त तो कळत नाही. मेफेन्टरमाइन याच ॲम्फेटामिनच्या कुळातलं आहे. रक्तदाब खाली आलेल्या बाईला ते वर आणतं. ज्याचा रक्तदाब मुळात ठीक आहे आणि जो वर धावतोही आहे, त्याचा तो कुठे जाईल, याचा विचार करा. छातीत धडधड, काळजाचे ठोके बिघडणं, मेंदूत रक्तस्राव, इथवर गोष्ट जाऊ शकते. सवय लागते ती वेगळीच. झोप जाते, चिडचिड होते, माणूस घरच्यांवरच संशय घ्यायला लागतो, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं त्याला वाटतं. आपल्या देशातल्या मानसोपचार तज्ज्ञांनी असे रुग्ण तपासून त्यांची नोंद केलेली आहे. घरच्यांना वाटतं, पोराला बाहेरचं काही लागलं.

दुसरी तऱ्हा स्टेरॉइडची. पुरुषाच्या शरीरात जो रस दाढी-मिशी आणि स्नायू घडवतो, त्याचीच ही नक्कल. भाजलेल्या, आजारानं झडलेल्या रुग्णांच्या अंगावर मांस चढावं म्हणून ही औषधं आली. १९५८ च्या सुमाराला अमेरिकेत जॉन झिग्लर नावाच्या डॉक्टरनं वजन उचलणाऱ्या खेळाडूंना मेथॅन्डिएनोन नावाच्या गोळ्या दिल्या. त्यानं थोड्या दिल्या, खेळाडूंनी मूठभर खाल्ल्या. पुढे त्या डॉक्टरलाच या सगळ्याचा पश्चात्ताप झाला, पण गोळी हातातून सुटली होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

या सगळ्या इतिहासात आम्हाला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं ते पूर्व जर्मनीतल्या मुलींनी. तेव्हा जर्मनीचे दोन देश होते. त्यातल्या पूर्वेकडच्या लहानशा देशाच्या सरकारला जगापुढे मोठं दिसायचं होतं, पदकं हवी होती. १९७४ पासून तिथे सरकारी योजनाच चालली. खेळाच्या वसतिगृहातल्या कोवळ्या मुलींना प्रशिक्षक निळ्या गोळ्या द्यायचे. सांगायचे, जीवनसत्त्व आहे. घरी बोलायचं नाही. गोळी होती ओरल-टुरिनाबोल, पुरुषी रसाची. देशाच्या स्वतःच्या औषध कारखान्यात बनलेली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये या देशाच्या मुलींनी पोहण्याच्या १३ शर्यतींपैकी ११ जिंकल्या. मुलींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, पाळी बिघडली. स्टेरॉइडनं बाईचा आवाज एकदा बसला की तो बहुधा परत येत नाही. अनेकींना पुढे मुलं होताना त्रास झाला, यकृताचे आजार जडले. हायडी क्रीगर ही गोळाफेक करणारी मुलगी १६ व्या वर्षापासून या गोळ्या घेत होती. १९८६ मध्ये ती युरोपची विजेती झाली. शरीर आणि मन यांचा मेळ लागेना, तो पुढे लागला तो आंद्रेयास क्रीगर हे पुरुषाचं नाव घेऊन. निर्णय आपण होऊन घ्यायचा होता, तो त्या गोळ्यांनी माझ्यापासून हिरावला, अशी त्यांची तक्रार राहिली.

हे उघड कसं झालं? त्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. ब्रिगिट बेरेंडोंक, स्वतः थाळीफेक करणारी खेळाडू. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडल्यावर तिनं आणि तिचे शास्त्रज्ञ पती वेर्नर फ्रांके यांनी लष्करी संस्थेत दडवलेले कागद शोधून काढले. कुठल्या मुलीला कधी किती गोळ्या, सगळं टिपून ठेवलेलं होतं. १९९१ मध्ये तिनं पुस्तक छापलं. २००० साली क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना शिक्षा झाली, तीही स्थगित, म्हणजे तुरुंगात जावं लागलंच नाही. त्या बायकांच्या हाती सुमारे १० हजार युरोची भरपाई पडली. आवाजाची, कुशीची किंमत एवढी!

आता आपल्याकडे येऊ. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी आणि मनदीप कौर यांनी चार गुणिले चारशे मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलं तेव्हा सारा देश उभा राहून टाळ्या वाजवत होता. अश्विनी तर उडुपीकडच्या शेतकरी घरातली पोर. पुढच्याच वर्षी त्यातल्या तिघींच्या तपासणीत स्टेरॉइड सापडलं. तेच, मेथॅन्डिएनोन. परदेशी प्रशिक्षकानं दिलेल्या जिनसेंगच्या पूरक औषधातून ते आलं, असं मुलींचं म्हणणं. प्रशिक्षकाला काढलं. मुलींवर आधी एक वर्षाची बंदी आली आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं ती दोन वर्षांची केली. कायदा असा आहे की अंगात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. कुणी दिलं, काय सांगून दिलं, हा नंतरचा प्रश्न.

चार वर्षांनी तेच नाव महाराष्ट्राच्या मातीत आलं. नरसिंग यादव, लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन त्यानं रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. जून २०१६ मधल्या तपासणीत मेथॅन्डिएनोन सापडलं. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मुद्दाम घातलं, असं त्यानं सांगितलं आणि आपल्या राष्ट्रीय संस्थेनं, म्हणजे नाडानं, १ ऑगस्टला ते मानलं. जागतिक संस्था वाडा मात्र लवादाकडे गेली. कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, घातपाताचा पुरावा नाही म्हणत लवादानं चार वर्षांची बंदी घातली. पैलवान रिओत पोचलेला होता, आखाड्यात उतरला नाही. खरं काय ते आम्ही ठरवू शकत नाही. पण खाणं कोण करतं, डबा कोण भरतं, पावडरचा डबा कुठून आला, हे प्रश्न पैलवानाच्या घरात बायकांपाशीच येऊन थांबतात.

आणि बायकांची औषधं! या यादीत ती किती आहेत हे बघून आम्ही थक्क झालो. आशाताई निश्चय किटनं दिवस गेलेत का ते बघते ना, ती पट्टी ज्या रसामुळे रेघ दाखवते, तो गरोदरपणाचा रस पुरुष खेळाडू इंजेक्शननं घेतात, स्टेरॉइडनं बंद पडलेली स्वतःची गाडी परत सुरू करायला. मूल होत नाही म्हणून बाईला देतात ती क्लोमिफीन, त्याच कारणासाठी. स्तनाच्या कर्करोगाची टॅमॉक्सिफेन कशाला, तर जादा स्टेरॉइडनं पुरुषाची छाती बाईसारखी वाढायला लागते, ती दाबायला. मूत्रपिंड गेलेल्या रुग्णाचं रक्त वाढावं म्हणून १९८९ मध्ये बाजारात आलेलं एरिथ्रोपोएटिन सायकलपटूंनी पळवलं. लान्स आर्मस्ट्राँगनं तर फ्रान्सची शर्यत सात वेळा जिंकली, सातही किताब २०१२ मध्ये काढून घेतले. आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन आठावर अडकलेलं असतं, आणि तिकडे निरोगी माणूस रक्त इतकं घट्ट करतो की गुठळी होऊन काळीज बंद पडावं.

आता आपल्या हातात काय आहे ते. अशा औषधांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं मनाई आहे. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ आणि चिठ्ठीची सूचना असते, लिहिता-वाचता येत नसलं तरी रेघ दिसते. मेडिकलवाल्याला बिल मागायचं, पाकीट फोडून सुट्या गोळ्या कागदात बांधून घ्यायच्या नाहीत. मेफेन्टरमाइन खेळाच्या बंदी यादीतही आहे. २०२२ मध्ये आपल्या संसदेनं यासाठी वेगळा कायदाही केला. खरोखर आजारी असलेल्या खेळाडूनं मात्र घाबरू नये. दम्याच्या मुलीचा सालबुटामॉलचा पंप ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो, आणि दुसरं औषध लागलंच तर डॉक्टरचे कागद जोडून आधी परवानगी मागायची सोय आहे.

आणि एखाद्या पोरानं घेतलेलं असेल, छाती धडधडतेय, डोकं ठणकतंय, बडबडतोय, तर मारहाण नको, देवऋषी नको, सरळ दवाखाना. तिथे लाजेनं लपवायचं नाही. सुई कुणाकुणात वापरली तेही सांगायचं, कारण एकाच सुईतून कावीळ आणि एचआयव्हीसुद्धा येतो. पोराच्या खिशात, बॅगेत, गादीखाली रिकामी कुपी सापडली तर रागानं उकिरड्यावर फेकू नका. सोबत घेऊन जा. तिच्यावरचं नाव वाचलं की रक्तदाब उतरवायला कुठलं औषध चालेल आणि कुठलं नाही, हे डॉक्टरांना लगेच कळतं.