कथेला लाभलेले देह : लिट्ल बॅले ट्रूपची दोन नृत्यनाट्ये

रामायण आणि पंचतंत्र यांच्या प्रती ज्याच्या कपाटात नाहीत, असे मराठी ग्रंथालय क्वचितच आढळेल. विसाव्या शतकात या दोन्ही ग्रंथांची एक निराळीच आवृत्ती निघाली. ती कागदावर छापली गेली नाही. नर्तकांच्या देहांवर ती उमटली. त्या आवृत्तीचा बराच काळ आपल्या ग्वाल्हेरात गेला. म्हणून ग्रंथांच्या या उत्सवात तिचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरू नये.

‘बॅले’ हा शब्द युरोपातून आला. परंतु आपल्याकडे त्याला मिळालेला अर्थ वेगळा आहे. संवादांवाचून, संगीत आणि समूहनृत्य यांच्या द्वारा सलग कथा सांगणारे नृत्यनाट्य, असा तो अर्थ. उदय शंकर यांनी १९२३ मध्ये लंडनला ॲना पावलोव्हा यांच्यासमवेत नृत्य केले आणि पुढे अल्मोड्याला आपले कलाकेंद्र उभारले. तेथे त्यांनी रामलीला छायानाट्याच्या रूपानेही सादर केली. याच केंद्रात शांती बर्धन अध्यापन करीत होते. केंद्र बंद पडल्यावर ते मुंबईत इप्टाच्या नृत्यपथकात आले आणि १९५२ मध्ये अंधेरी येथे त्यांनी लिट्ल बॅले ट्रूपची स्थापना केली. तत्पूर्वी क्षयाने त्यांना गाठले होते. पूर्वीसारखे नृत्य करणे त्यांना शक्य राहिले नव्हते. जे रचायचे ते दुसऱ्यांच्या देहांतून रचणे भाग होते.

१९५३ मध्ये ‘रामायण’ रंगभूमीवर आले. कथा सर्वांना पाठ. नवलाई होती ती सांगण्याच्या रीतीत. नर्तक येथे देव वा राजे म्हणून वावरत नाहीत. ते कळसूत्री बाहुल्या होऊन येतात. अप्पुण्णी कर्ता यांनी सिद्ध केलेले मुखवटे आणि कोनाकृती पोशाख, ताठ मान, मनगटापासून तुटक हलणारे हात अशी सारी योजना होती. मुखवट्याने चेहऱ्यावरील अभिनय काढून घेतला आणि दोरीच्या आभासाने अंगाची लवचीकता. जे उरले त्यातूनच राम, सीता आणि रावण उभे करावयाचे होते. हे बंधनच या रचनेचे सामर्थ्य ठरले. लाकडी बाहुली रडू शकत नाही. म्हणूनच तिचे नुसते मान खाली घालणे प्रेक्षकाच्या काळजाला भिडते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची बाहुल्यांची रामकथा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको. बर्धनांनी लोककलेतून केवळ वेष आणि ताल उचलले नाहीत. कथेकडे पाहण्याची तिची दृष्टीच त्यांनी आपलीशी केली.

‘पंचतंत्र’ ही त्यांची अखेरची रचना. कावळा, उंदीर, कासव आणि हरिण यांच्या मैत्रीची, मित्रसंप्राप्ती तंत्रातील कथा त्यांनी निवडली. ग्रंथात हे प्राणी नीतिवचने बोलतात. रंगमंचावर त्यांना वाणी नाही. कावळ्याची उडी, कासवाची संथ चाल, हरिणाची दचकती मान यांतूनच त्यांचे स्वभाव प्रकटावे लागतात. श्लोकांतील उपदेश येथे कृतीत विरघळतो. एकटा जो दुबळा, तो मित्रांच्या साहाय्याने तरतो, हे तात्पर्य सांगावे लागत नाही, ते दिसते. एकत्र राहून, एकमेकांच्या आधाराने कला जोपासणाऱ्या त्या मंडळींना ही कथा परकी वाटली नसणार. सप्टेंबर १९५४ मध्ये बर्धनांचे निधन झाले.

निर्मात्यामागे अशा संस्था बहुधा विखुरतात. ही विखुरली नाही. त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि नृत्यरचनाकार प्रभात गांगुली यांनी धुरा उचलली. १९६० च्या दशकात संस्था ग्वाल्हेरला आली आणि ‘रंगश्री लिट्ल बॅले ट्रूप’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ख्यालगायकीचे माहेर असलेल्या या नगरीत तिचा सुमारे दोन दशके मुक्काम होता. ऐंशीच्या दशकात तिने भोपाळला स्थलांतर केले. गुल बर्धन यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या.

येथे ग्रंथ आणि नृत्य यांतील एक भेद ध्यानी येतो. पंचतंत्राची पोथी शंभर वर्षे कोणी उघडली नाही, तरी वाळवीपासून वाचली तर ती पुन्हा वाचता येते. नृत्यनाट्याचे तसे नाही. चित्रफीत त्याची आठवण राखील. परंतु मान किती वळवावी, पाऊल कोठे रोखावे, हे एका देहाने दुसऱ्या देहाला शिकवावे लागते. एक पिढी चुकली की ती प्रत कायमची गहाळ होते. बर्धनांच्या पश्चात ही दोन नृत्यनाट्ये अनेक दशके रंगमंचावर राहिली, याचे श्रेय जितके रचनेला, तितकेच त्या मुखवट्यांआड निनावी राहून ती पुढच्यांना शिकविणाऱ्या नर्तकांना आहे.

ग्रंथालयाची शताब्दी हाही अशाच हस्तांतराचा सोहळा असतो. पुस्तके कपाटात राहतात. वाचणारे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने घडवावे लागतात.