पर्यावरणरक्षकांची शिल्पे : मुळशी ते नायजेरिया

नदी, जंगल किंवा जमीन वाचवण्यासाठी लढणाऱ्यांच्या सन्मानार्थ घडवलेली शिल्पे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक, पुरस्कारासोबत हातात दिले जाणारे छोटे शिल्प. दुसरे, लोकांमध्ये उभे राहणारे स्मारक. पुण्यात अशाच एका लढ्याची आठवण रस्त्याच्या नावात राहिली आहे.

सेनापती बापट रस्ता

पुणे जिल्ह्यातील मुळशीत टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी धरण बांधले जात होते. शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार असल्याने १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. धरणाविरुद्धच्या जगातील सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये त्याची गणना होते. पां. म. बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. १९२४ पर्यंत चाललेला सत्याग्रह धरण थांबवू शकला नाही. शहरातील रस्त्याला बापटांचे नाव आहे, पण नुसत्या नावावरून मुळशीची गोष्ट कळत नाही.

गोल्डमन पुरस्काराचे शिल्प

अमेरिकेतील गोल्डमन पर्यावरण पुरस्कार १९९० पासून तळागाळातील कार्यकर्त्यांना दिला जातो. त्यासोबत ‘ओरोबोरोस’ नावाचे कांस्यशिल्प मिळते. स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप, असे त्याचे रूप आहे. निसर्गाच्या पुन्हा पुन्हा नवे होण्याचे ते प्रतीक मानले जाते. नर्मदा बचाव आंदोलनाच्या मेधा पाटकर यांना १९९२ मध्ये हा पुरस्कार मिळाला. सरदार सरोवर धरणाच्या बुडित क्षेत्रात महाराष्ट्रातील, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी गावेही होती.

पोलादी बस

नायजेरियाचे लेखक केन सारो-विवा यांनी तेल कंपन्यांमुळे होणाऱ्या ओगोनी प्रदेशाच्या प्रदूषणाविरुद्ध आंदोलन उभारले. १९९५ चा गोल्डमन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते तुरुंगात होते. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला लष्करी राजवटीने त्यांना आणि आठ सहकाऱ्यांना फाशी दिली.

त्यांच्या स्मरणार्थ शिल्पकार सोकारी डग्लस कॅम्प यांनी २००६ मध्ये लंडनमध्ये ‘बॅटल बस’ साकारली. कॅम्प यांचा जन्म नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातलाच. नायजेरियातील प्रवासी बससारखे हे पोलादी शिल्प असून टपावर तेलाची पिंपे आहेत. तेल कंपन्यांवर आरोप करणारे सारो-विवांचे शब्द बसच्या अंगावर कोरलेले आहेत. २०१५ मध्ये ओगोनी लोकांना भेट म्हणून ती पाठवली गेली, तेव्हा लागोसच्या बंदरात सीमाशुल्क विभागाने ती अडवून ठेवली.

दोन्हींतला फरक

पुरस्काराचे शिल्प विजेत्याच्या घरी जाते. त्यामुळे लढणाऱ्याचे काम जगापुढे येते, पण सन्मान म्हणजे संरक्षण नव्हे, हे सारो-विवांच्या फाशीने दाखवले. स्मारक मात्र तिऱ्हाइताला थांबवते आणि कोण, कशासाठी, कोणाविरुद्ध लढले हे सांगते. म्हणूनच इंजिन नसलेली एक बसही बंदरात अडवली गेली.