रिक्षा शब्दातला हरवलेला माणूस

जालन्याच्या बाजाराला जायचं असो की दवाखाना गाठायचा असो, आपण रिक्षाला हात करतो. हा शब्द आला कुठून? थेट जपानमधून!

जपानी भाषेत मूळ शब्द आहे जिनरिकिशा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे ताकद, शा म्हणजे गाडी. माणसाच्या ताकदीवर चालणारी गाडी. १८६९ च्या सुमारास ही दोन चाकी गाडी जपानमध्ये निघाली. वर एक जण बसायचा आणि दुसरा तिला जुंपून पळायचा. तिथून ती चीन, सिंगापूर करत आपल्याकडं शिमल्याला, कलकत्त्याला पोचली.

वाटेत शब्द झिजला. पुढचा 'जिन' गळाला, म्हणजे नेमका माणूसच गळाला! उरलं त्याची झाली रिक्षा.

पुढं तिला सायकल जोडली, मग इंजिन आलं. आपल्या शेजारी वाळूजला बजाजच्या कारखान्यात तीनचाकी रिक्षा बनतात. पण शब्दातून गेलेला माणूस रस्त्यावर मात्र जुंपलेलाच राहिला, तोही आपल्याच राज्यात. माथेरानला मोटारींना बंदी. तिथल्या चढावर माणसं हातरिक्षा ओढत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत थांबवा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील अशी योजना करा. पोटासाठी ओढणाऱ्याचं पोटही सांभाळलं पाहिजे, हे त्यात आलं.

असे जपानी शब्द आपल्या घरात आणखीही आहेत. मुली शिकतात ते कराटे, म्हणजे रिकामा हात. गटाच्या व्हॉट्सॲपवर आपण पाठवतो तो इमोजी. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. अक्षर अडलं तरी आपल्या मैत्रिणी चित्रातून बोलतात, ते यामुळंच.

आता रिक्षाच्या पुढच्या सीटवर बाईही बसते. राज्य सरकारनं २०२४ मध्ये महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली. उद्या गटात कुणी रिक्षासाठी कर्ज मागितलं, तर 'बाईमाणसाला जमेल का' असं विचारू नका. परवाना काढला का, हप्ता किती, चार्जिंग कुठं, दिवसाला फेऱ्या किती, हे विचारा. हिशेब बसला तर ठराव लिहा.

शब्दातून माणूस गळाला तो गळाला. आपल्या ठरावातून बाईमाणूस गळू द्यायची नाही, एवढं आपण पाहू.