शिंगं रंगवणारा हात

गेल्या साली माझी नात दहावीत होती. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली. त्याचे दहावीच्या निकालात ७ गुण वाढून मिळतात. ‘ब’ आली तर ५, ‘क’ आली तर ३. घरी पेढे आणले. नंतर तिनं रंगाची पेटी कोठीवर ठेवून दिली अन् मला म्हणाली, “आबा, मार्क भेटले ना. आता काय करू चित्रं काढून?”

मी काही बोललो नाही. पण त्या पेटीकडं पाहून मला माझी शाळा आठवली.

मी १९७८ साली दहावी झालो. त्याआधी तीनच वर्षं, म्हणजे १९७५ला, दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली होती. जुनी मॅट्रिक अकरावीची. आमचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. शाळा गावापासून दोन कोस. आम्ही पायीच जायचो.

ड्रॉइंगच्या सरांचे आठवड्यात दोन तास. चित्रकलेला बाकीचे मास्तर ‘मोकळा तास’ म्हणत, पण आमचे सर तो मोकळा जाऊ देत नसत. मुंबईच्या कला संचालनालयाच्या दोन परीक्षा असतात, एलिमेंटरी अन् इंटरमिजिएट. हे संचालनालय १९६५ला सुरू झालं. सर सांगत, “इंटरमिजिएट झाली की पुढं ए.टी.डी. करता येते, अन् ए.टी.डी. झाली की शाळेत ड्रॉइंग मास्तर होता येते.” कास्तकाराच्या पोराला वावराबाहेरची एवढी सरळ वाट दुसरी कोणी दाखवली नव्हती.

पेपर वस्तुचित्राचा, स्मरणचित्राचा, नक्षीचा, भूमिती अन् अक्षरलेखनाचा. वस्तुचित्राला सर टेबलावर घडा, कंदील अन् खाली एक फडकं ठेवत. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं. उजेड कुठून येतो ते आधी पाहायचं, मग छाया भरायची. रोज पाणी पितो तो घडा आपण कधी पाहिलाच नव्हता, हे मला त्या दिवशी समजलं. स्मरणचित्रात मात्र मी पुढं होतो. बैलाचा मागचा पाय कुठं वाकतो, हे मला पाठ होतं.

सर पेटीही वाजवत. प्रार्थना तेच घेत. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते नाव पुढं चालवणाऱ्या मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षा असतात, हे त्यांनीच सांगितलं. त्या परीक्षा देणं आमच्या कोणाच्या आवाक्यात नव्हतं. पण सरांनी तीनतालाच्या सोळा मात्रा बाकावर हातानं मोजायला शिकवल्या. म्हणत, “सम चुकली की ताल गेला. नक्षीचंही तसंच. एकच पान फिरून फिरून येते, पण जागेवर आलं पाहिजे.”

तेव्हा ध्यानात आलं, की हे तर आपल्या गावात आहेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ला गेले, तरी गावोगाव भजनात खंजिरी वाजत होती. पोळ्याला आम्ही बैलांची शिंगं रंगवायचो, झुलीवर नक्षी असायची, अन् तोरणाखाली म्हातारे झडत्या म्हणायचे. एकाच दिवशी चित्र अन् गाणं दोन्ही. फक्त त्याला कोणी विषय म्हणत नव्हतं.

एकदा सरांनी अजिंठ्याचं एक छापील चित्र भिंतीला लावलं. म्हणाले, “हे कोणाच्या राज्यात झालं, ठाऊक आहे?” कोणालाच नव्हतं. पाचव्या शतकात वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्मात राज्य करत होती. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. त्या घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याची सोळाव्या क्रमांकाची लेणी कोरवली. तसा शिलालेख तिथं आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ला निघालं, अन् १८७२पासून ग्रिफिथ्स साहेब तिथली पोरं घेऊन अजिंठ्याच्या नकला काढायला येत. म्हणजे मुंबईची पोरं जे शिकायला आली, ते आमच्याच वाशीमच्या राजाच्या वक्ताचं होतं. त्या दिवशी घरी जाताना दोन कोस कसे संपले, कळलं नाही.

एलिमेंटरी मी पास झालो. १९७७ला इंटरमिजिएटचा फॉर्म भरला. सेंटर तालुक्याला होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. उडीद उपटून वावरात पडला होता. बाबा म्हणाले, “उडीद भिजून रायला अन् तू घडे काढाले चालला?” मी गेलो नाही. रात्रभर आम्ही उडीद घरी वाहिला. त्या साली घर त्याच उडदावर चाललं, म्हणून बाबांना दोष देत नाही. पण ए.टी.डी.ची वाट तिथंच बंद झाली. दहावीनंतर मी वावरात आलो तो आलोच.

आता शास्त्रीय गाण्याच्या परीक्षा देणाऱ्या, लोककला सादर करणाऱ्या पोरांनाही दहावीत वाढीव गुण मिळतात. चांगलं आहे. गुण आहेत म्हणून मायबाप रंग घेऊन देतात, पेटीच्या क्लासला धाडतात. आमच्या वक्ताला गुण असते तर बाबांनीही कदाचित एक दिवस उडीद थांबवला असता. पण गुण भेटले की शिकणंच थांबावं, हे मला पटत नाही. मला एकही गुण मिळाला नाही, पण उजेड कुठून येतो ते पाहायची सवय राहिली. पिकाच्या पानावरचा रोग मला शेजाऱ्याच्या आधी दिसतो तो त्याच डोळ्यानं. भजनात समेवर हात पडतो तो त्याच बाकावरचा.

नात आता अकरावीला सायन्सला आहे, वाशीमला राहते. पोळ्याला गावी येणार आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यात एकच जोडी उरली. शिंगं चार. कोठीवरची पेटी मी खाली काढून ठेवली आहे. दोन शिंगं मी रंगवीन, दोन तिला सांगीन. अन् हरिषेण राजाची गोष्ट तिला कोणी सांगितली नसेल, तर तीही सांगीन.